सभागृहात दिलेली माझी माफी

मी माफ केलं, हे मला मोबाइलवर कळलं.

मुलुंडच्या पोळीभाजी केंद्रात मी कणीक भिजवत होते, तेवढ्यात माझ्या लेकीचा, नीलमचा फोन आला. "आई, विधानसभा लाव. शिवदासदादा आपल्याबद्दल बोलतोय." माझे हात कणकेने भरलेले. शेजारी पोळ्या लाटणाऱ्या रुक्मिणीने तिच्या फोनवर लावून दिलं.

शिवदास आमच्या भांडुपचा आमदार. आमच्या खालच्या चाळीत वाढलेला, माझ्या विशालबरोबर क्रिकेट खेळलेला. निवडून आल्यापासून उन्हाळ्यातसुद्धा जाकीट घालतो, तेवढं सोडलं तर पोरगा वाईट नाही. त्या दिवशी सभागृहात सामाजिक सलोखा आणि शिक्षण या विषयावर चर्चा चालली होती. शिवदासचा आवाज अगदी भरून आला होता.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात मिरवणुकीवरून दोन वस्त्यांमध्ये दगडफेक झाली. विशाल नावाचा तरुण आपल्या अभ्यासिकेतल्या पोरांना आत घेत होता. त्याच्या डोक्यात दगड बसला आणि तो गेला. अध्यक्ष महोदय, त्या विशालच्या आईने दगड मारणाऱ्या मुलाच्या आईला स्वतःच्या हाताने जेवू घातलं. माफ केलं तिने! ती माउली माफ करते, तर आपण कोण? माझी मागणी आहे, शासनाने त्या दिवसाचे सगळे खटले मागे घ्यावेत आणि विशालच्या नावाने दोन मजली अभ्यासिका बांधावी."

दोन्हीकडच्या आमदारांनी बाकं वाजवली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं, माझ्या नावावर एक झाली. मंत्री उठून म्हणाले, मागणी रास्त आहे, शासन सकारात्मक विचार करेल.

"मी कधी माफ केलं?" मी रुक्मिणीला विचारलं. ती पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "शकुताई, धन्य आहेस गं तू." मी कणीक पुन्हा मळायला घेतली.

माफी कसली? आमच्यात माणूस गेला की काही दिवसांनी जलदान विधी करतात. भन्तेजी येतात, वंदना होते, गेलेल्याच्या नावाने पाणी ओततात आणि मग आलेल्या सगळ्यांना जेवण. दाराशी आलेल्याला तसंच परत पाठवत नाहीत. विशालच्या जलदानाला विहाराच्या दारात शेवंती येऊन उभी राहिली. पलीकडच्या वस्तीतल्या निलेशची आई. निलेशला पोलिसांनी नेलं होतं. त्यानेच दगड मारला, हे अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. आणि हा निलेश दहावीला विशालच्याच अभ्यासिकेत बसून पास झालेला! बायका कुजबुजायला लागल्या. मी उठले, ताट वाढलं आणि शेवंतीच्या हातात दिलं. जेवण विशालच्या नावाचं होतं, म्हणून दिलं. ती दारातच बसून, मान खाली घालून जेवली. कुणीतरी फोटो काढला असणार.

संध्याकाळी घरी येते तर नाक्यावर माझा फ्लेक्स. फोटो पुतण्याच्या लग्नातला, चांगला दात काढून हसतानाचा. खाली लिहिलं होतं, 'क्षमाशील माता शकुताई'. पोरगा गमावलेली बाई अशी हसते का, एवढंसुद्धा कुणाला वाटलं नाही. दोघातिघींनी माझ्या पाया पडून घेतलं. घरात नीलम भिंतीला टेकून बसली होती.

"आई, सरकारने खरंच ऐकलं तर निलेश सुटेल," ती म्हणाली. "आणि सगळे म्हणतील, तूच सोडवलंस."

विशालला न्याय मिळेल, एवढ्या एका आशेवर मी रोज उठून पोळ्या लाटायला जात होते. तीच कुणीतरी माझ्या नावाने देऊन टाकली होती.

तेवढ्यात शिवदास आला. हातात शाल आणि नारळ, आणि मागे शेवंती.

"जय भीम, मावशी! झकास झालं ना भाषण?"

"शिवदास, मी माफ केलं हे तुला कुणी सांगितलं?"

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसणं थांबलं. "म्हणजे? तू जेवायला घातलंस ना हिला?"

"घातलं. मग?"

"अगं मावशी, आमच्या गावाला भावकीत वैर असलं ना, तर एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. माझा आजोबा सख्ख्या भावाच्या दारात कधी गेला नाही. शेवटी म्हातारपणी त्याच्याकडे भात जेवला आणि वैर मिटलं. दोघांनी कोर्टातली केससुद्धा काढून घेतली. तो फोटो बघून मी रडलो, मावशी. मला वाटलं, तू..."

मतांसाठी केलंस म्हणून त्याला चांगला झापायचा, असं मी ठरवून बसले होते. पण त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. लबाडाशी भांडता येतं. याला काय म्हणू?

"उद्या उभा राहा आणि सांग, मी चुकीचं बोललो."

"वाट लागेल माझी! आणि अभ्यासिका? मंत्री हो म्हणाले ते या माफीवरच ना. ती पण जाईल मग."

विशालची अभ्यासिका म्हणजे विहाराला लागून एक पत्र्याची खोली आणि एक पंखा. दोन मजली इमारतीवर त्याचं नाव माझ्या डोळ्यांसमोर आलं. मन हललं माझं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा दारात उभी असलेली शेवंती तिच्या मालवणीत बोलली.

"मगे मी काय खाल्लंय गो?"

नीलम भिंतीपासून उठून उभी राहिली.

"त्या ताटाच्या जीवार झोपतंय मी," ती म्हणाली. "इतके महिने. माका वाटला, तू माका पदरात घेतलंस."

हे माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. मी ताट दिलं आणि विसरले, आणि ही बाई त्यावर जगत होती. क्षणभर वाटलं, राहू दे तिचा समज. पण तोंडातून खरंच निघालं.

"विशालच्या नावाचं जेवण होतं ते, शेवंती. माफी नव्हती."

तिने दाराची चौकट धरली. मग वळली आणि चपला न घालताच जिना उतरून गेली. शिवदासने शाल-नारळ काखेत मारला आणि म्हणाला, "उद्या सांगतो सभागृहात."

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात उभा राहिला आणि त्याने वैयक्तिक खुलासा केला. "अध्यक्ष महोदय, विशालच्या आईने माफ केलेलं नाही. मी समजण्यात चुकलो. तिच्या नावाने केलेली मागणी मी मागे घेतो." एकही बाक वाजलं नाही. मागून कुणीतरी हसलं. अभ्यासिकेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. फ्लेक्स मात्र त्याच रात्री उतरला. खटला चालू राहिला.

विशालला जाऊन वर्ष झालं तेव्हा विहारात वंदना ठेवली. जेवणं सुरू झाली आणि मी दाराकडे पाहिलं, तर शेवंती. तिथेच, तशीच उभी. बायका परत कुजबुजायला लागल्या. ही येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. "शेवंती, इथे जेवलीस म्हणून निलेश सुटणार नाही. कोर्टात मी प्रत्येक तारखेला येणार."

"माहीत आसा," ती म्हणाली. "वाढ."

मी ताट वाढून आणलं. ती ते घेऊन मागच्यासारखीच दारात बसायला लागली.

"आत बस," कुणीतरी म्हणालं. तो माझाच आवाज होता, हे मला जरा वेळाने कळलं.