उरलेल्या जेवणाची गाडी

रचनानं काडीनं वरची माती सारली आणि खालून पनीर निघालं. काल संध्याकाळी तिनं स्वतः उभं राहून डब्यात वाढलेलं. तिनं आणखी उकरलं. पुलाव निघाला, त्याखाली परवाची डाळ मातीत मुरून घट्ट झालेली, आणि एका कडेला जिलब्या, मुंग्यांनी काळ्या केलेल्या. खड्डा कमरेइतका खोल होता, कडा नीट तासलेल्या. घाईत कोणी टाकून दिलेलं हे अन्न नव्हतं. रोज आणून, वर माती लोटून, व्यवस्थित पुरलेलं होतं.

आत्याच्या घरामागं ती आली होती ती उद्याच्या फोटोसाठी बरी जागा बघायला. मागं धानाच्या बांध्या, पुढं माणसांची रांग, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. आता ती काडी हातात धरून तशीच बसून राहिली.

रचना कामाला होती त्या नवेगाव बांधच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये काही म्हणजे काही वाया जात नसे. खोल्यांच्या भिंती मातीच्या, जेवण पळसाच्या पत्रावळीवर, भांडी घासलेलं पाणी केळींना. हिवाळ्यात तलावावर पक्षी उतरले की नागपूर-रायपूरचे पाहुणे यायचे आणि या सगळ्याचं तोंडभरून कौतुक करायचे. फक्त एक गोष्ट राहिली होती, बुफेत उरणारं अन्न. ती रचनानं सोडवली. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेली ही देवाजीची पोरगी दोन वर्षांपासून तिथलं स्वयंपाकघर सांभाळत होती. पाहुण्यांचं जेवण झालं की कोणाच्या ताटात न गेलेलं अन्न डब्यांत भरायचं आणि जीपनं गावात न्यायचं, अशी तिची योजना. सुरुवात आपल्याच माणसांपासून करावी म्हणून गाडी तिनं आपल्याच टोलीवर, गावाच्या कडेच्या आपल्या वस्तीवर आणली. मालक हिमांशूजी एवढे खूश झाले की त्यांनी नागपूरच्या एका संस्थेकडे 'इथं काही वाया जात नाही' अशा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. ते मिळालं की रचना मॅनेजर होणार, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. संस्थेच्या अल्का मॅडम उद्या येणार होत्या.

ती उठली आणि घराच्या पुढच्या अंगाला आली. सुलोचनाबाई, तिची आत्या, सुपानं धान पाखडत होती. तिचा बाप देवाजी बाजूला बसून पोत्याचं तोंड शिवत होता.

"आत्या, तुमी अन्न पुरून राहिले?"

आत्याचं सूप थांबलं नाही. उत्तर देवाजीनं दिलं.

"पुरलं तं खतच झालं न पोरी. वाया कुठं गेलं?"

तो हसला. त्याची ही जुनी खोड होती, अवघड जागी थट्टा करायची. रचनाला मात्र संताप आला आणि ती बोलत सुटली. अन्न स्वच्छ असतं, झाकलेलं असतं, वाढायला वेगळा चमचा असतो, तेच अन्न आम्ही नोकर माणसंही खातो, अर्ध्या देशात लोक उपाशी झोपतात आणि तुम्ही ते मातीत घालता. बरंच काही बोलली. आत्यानं तिला संपवू दिलं. मग सूप खाली ठेवलं.

"मालगुजाराची बाई बी असंच सांगे. कोणाचा हात नाई लागला म्हणे. माय टोपलं पुढं करे, मी तिच्या मागं उभी राहो."

"कोणाची माय?"

"माही. तुही आजी."

हे रचनानं ऐकलेलं नव्हतं असं नाही. चौदा एप्रिलच्या भाषणांत दर वर्षी कोणीतरी सांगायचं, की आपले लोक मालगुजार-जमीनदारांच्या दारोदार उरलंसुरलं मागून आणायचे आणि दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते सोडलं. तीही टाळ्या वाजवायची. पण ते लोक म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी काळातले. त्यांतली एक आपली आजी होती आणि टोपल्यामागं उभी राहिलेली मुलगी ही समोर बसली आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

छप्पन साली नागपूरहून परत आल्यावर मायनं ते टोपलं चुलीत घातलं, आत्या सांगत होती. देवाजी तेव्हा जन्मलाही नव्हता. नंतर दुष्काळ पडला, कधी आंबील पिऊन दिवस काढले, पण दुसऱ्याच्या घरचं उरलेलं या घरात आलं नाही. आत्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रचनाला सोपं गेलं असतं.

"मंग घेतलं काऊन तुमी? पहिल्याच रोजी नाई म्हणाचं होतं."

देवाजीनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

"तू सोता वाढून राहिली होती. तुले कसं नाई म्हणाचं?"

आणि मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत गेली. सगळी टोली रोज संध्याकाळी डबे घेऊन रांगेत उभी राहात होती ती तिच्यासाठी. देवाजीची पोरगी मोठी होते आहे, तिचं काम बिघडू नये म्हणून. शेजारची चंदावहिनी 'पनीर लय नरम होतं' म्हणाली होती. ते रचनानं रिसॉर्टच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्याचा दिवस जाऊ दे, देवाजी म्हणाला. मॅडम येऊन जाऊ दे, तुझं काम होऊ दे, मग हळूच बंद करू. आत्यानं मान हलवली नाही, सूप उचलून पुन्हा पाखडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रचना दोनदा हिमांशूच्या केबिनमध्ये गेली. एकदा गॅसच्या टाक्यांबद्दल बोलून आली, दुसऱ्यांदा चादरींबद्दल. तोंडाशी आलेलं वाक्य बाहेर पडलं नाही. मॅनेजरची खुर्ची तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि तिच्याआधी या भागातली एकही मुलगी तिथं बसलेली नव्हती.

संध्याकाळी जीप टोलीवर आली तेव्हा रांग तयार होती. सगळ्यांत पुढं देवाजी. त्यानं जयंतीला घालायचा पांढरा सदरा अंगात घातला होता, इस्त्री केलेला. अल्का मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"काका, हात जरा पुढे घ्या. डबा दिसू दे."

देवाजीनं हात पुढं केले. रचनानं चमचा उचलला. शेकडो पाहुण्यांना वाढलेला तिचा हात त्या दिवशी चुकला आणि गरम डाळ देवाजीच्या अंगठ्यावर सांडली. त्यानं हात मागं घेतला नाही. फोटो निघेपर्यंत तो तसाच उभा राहिला. रचनाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

"मस्त," हिमांशू म्हणाला. "एकदम असली फोटो."

रांग संपली. एवढ्यात सुलोचनाबाई पाण्याचा लोटा घेऊन अंगणात आली. ती नवं लुगडं नेसली होती.

"पावणे, हातपाय धुवा. जेवण तयार हाय."

रचना चकित झाली. हे कधी ठरलं? आत ओसरीवर सतरंजी घातली होती आणि दोन ताटं वाढलेली होती. नव्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी, कडेला मिरचीचा ठेचा. तलावाची मासोळी घरात येते तशी आजही आली असती, पण शेठ शाकाहारी आहे म्हणून आत्यानं मुद्दाम आणवली नव्हती. भातातून वाफ निघत होती.

रचनाला एकदम बरं वाटलं. हिमांशू मनाचा मोठा माणूस, दोन वर्षं तो रोज तिच्या हातचं जेवत होता, तिच्या कढीला नावाजत होता. आता तो बसेल, चार घास खाईल, आणि सगळंच थोडं हलकं होईल.

हिमांशूनं हात जोडले. अगदी अदबीनं.

"माताजी, आज मेरा उपास है. फिर कभी."

दुपारी दोन वाजता त्यानं कढीची दुसरी वाटी मागून घेतली होती. रचनानंच दिली होती.

तिनं अल्का मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी ताटाकडं पाहिलं, मग हिमांशूकडं, आणि म्हणाल्या की त्या संध्याकाळी जेवतच नाहीत, फक्त पाणी चालेल. आत्यानं लोटा पुढं केला. मॅडमनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि दोन घोट घेतले. मग दोघं बोलत बोलत जीपकडं गेली.

रचना जागच्या जागी खिळली. पण तिला सगळ्यांत जास्त धक्का बसला तो तिच्या माणसांकडं पाहून. कोणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. चंदावहिनी लेकराचं नाक पुसत होती. देवाजीनं खाली वाकून दोन्ही ताटांवर परात झाकली, जशी रोज झाकतात.

"आत्या, तो खात नाई हे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग कायले बोलावलं?"

"आपल्या दारी पावणा आला तं इचारा लागते," आत्या म्हणाली आणि लोटा घेऊन आत गेली.

बाहेर जीप सुरू झाली होती. ड्रायव्हर टेकचंद डबे मागं चढवत होता. रचना अंगण ओलांडून गाडीशी गेली. हिमांशूनं पुढचं दार उघडून धरलं होतं आणि प्रमाणपत्र पक्कंच समज असं तो हसत हसत सांगत होता. तिनं ते पूर्ण होऊ दिलं.

"सर, उद्यापासून गाडी इकडे पाठवू नका."

हिमांशूचं हसू ओठांवरच राहिलं. तो खरोखर गोंधळला होता. त्यानं टोलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"क्यों? क्या हुआ? लोग नाराज है क्या? जेवण आवडत नाही का त्यांना?"

"तसं नाही, सर," रचना म्हणाली. "त्यांनी तुम्हाला जेवायला बोलावलं होतं."