ह्वेंगीची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. शब्दकोशाच्या कचेरीतल्या कपाटात सगळ्यांत खालचा. माझ्यात 'ह'च्या चिठ्ठ्या असत. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि खाली तो आणणाऱ्याची सही. चौदा वर्षं मी त्यांना पोटात सांभाळलं. संपादक मला स्वतः पुसत, पाहुण्यांना कौतुकानं उघडून दाखवत.

कोश छापायला जायच्या महिन्यात त्यांना माझ्या तळाशी, 'ह्रास'च्याही मागे, एक चिठ्ठी सापडली. 'ह्वेंगी : लाकूड पोखरणारा बारीक किडा.' अक्षर वेडंवाकडं, सही नाही. म्हणजे कोशाचा शेवटचा शब्दच बेवारशी! इतके हात माझ्यात येऊन गेले होते, की ती कोणी ठेवली हे मलाही आठवेना.

संपादकांच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी खोटा शब्द घुसडून आपलं हसं करणार, असं ते धरूनच चालले. संशय गेला तो प्रुफं तपासणाऱ्या ताईंवर, कारण मागे त्यांनी भर बैठकीत संपादकांची चूक दाखवली होती. आता ताई माझ्याजवळ आल्या, की संपादक काहीतरी निमित्त काढून तिथे उभे राहत. ताई जेवायला गेल्या, की त्यांचं टेबल चाळत, अक्षर ताडून बघत. खरं सांगतो, ताईंचा हात लागला की मलाही अंग चोरावंसं वाटू लागलं.

एका दुपारी ताईंनी सरळ विचारलं, "साहेब, तुम्हाला माझा संशय येतो का?"

"मी कोणाचं नाव घेतलंय?"

"म्हणून तर विचारते."

संपादक प्रुफं चाळू लागले. ताईंनी तो शब्द उतरवून घेतला. आठवडाभर काम सुटलं की त्या लाकडाच्या वखारी पालथ्या घालत होत्या. शेवटी एका वखारवाल्यालाच घेऊन आल्या. संपादकांना पाहताच तो म्हणाला, "साहेब, हात बरा झाला का तुमचा?"

नऊ वर्षांपूर्वी हेच साहेब दारासाठी फळ्या बघायला आले होते, असं त्यानं सांगितलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. फळीवरची बारीक भोकं पाहून त्यांनी किड्याचं नाव विचारलं आणि डाव्या हातानं कसंबसं लिहून घेतलं.

संपादकांनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, चुकलं माझं. अक्षर माझंच आहे."

"शेवटचं पान तपासून देते," ताई म्हणाल्या. "मग निघते मी."

आणि त्या खरंच गेल्या. कोश निघाला, त्या पानात एकही चूक नाही. पुढे त्या खुर्चीवर तिघं जण येऊन गेले. संपादक तिघांनाही चुकून 'ताई' अशीच हाक मारत.

मी आता तळघरात आहे, पोटात गुंतलेल्या वायरी घेऊन. मित्रांनो, जुन्या लाकडाला अधूनमधून ऊन दाखवा, भोक दिसलं तर वेळीच औषध घाला. आणि कोणाबद्दल शंका आली, तर मागून टेबल चाळू नका. त्याला समोर बसवून विचारा आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.