व्हरांड्यातला तराजू

फळीवर तीन वजनं होती: एक किलो, शंभर ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. काल संध्याकाळी ताईने स्वतः पुसून ठेवली तेव्हा पाच होती. तिने तराजूची पारडी उचलून पाहिली, बाकाखाली वाकून पाहिलं. पाचशेचं आणि दोनशेचं वजन कुठेच नव्हतं.

मुलांच्या वॉर्डात ती शिकवायला येऊ लागली त्याला दोन महिने झाले होते. पहिल्या आठवड्यात तिने फळा टांगून वजाबाकी शिकवली. मुलं भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग अडगळीच्या खोलीत हा तराजू सापडला आणि फळ्याकडे कुणी फिरकेना. मुलांनी चपला तोलल्या, बँडेजचे गुंडाळे तोलले, झाडूवाल्या मावशींचा चष्मासुद्धा तोलला. कोण कुणाला शिकवतंय हेच कळेनासं झालं. फळ्यासमोर कधी तोंड न उघडणारा, काडीसारख्या हातापायांचा पैलवान आता तिच्याच चुका काढायचा.

"ताई, पिशवीचं वजन वजा करायला विसरलात. शून्य मार्क."

चिमणीची आई वॉर्डाच्या दारातून जवळजवळ धावतच आली.

"ताई, सोळा किलो शंभर भरली हो पोर! आत्ताच नर्सबाईंनी काट्यावर उभी केली. मागच्या शनिवारी साडेपंधरा होती." तिने ताईचे दोन्ही हात धरले. "लागलं एकदाचं अंगी. सोमवारी ऑपरेशन!"

चिमणीच्या हृदयाचं ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावाहून चार महिन्यांतून एकदा येत. सोळा किलोंच्या खाली ते हात लावणार नव्हते. पुढची खेप चिमणीला गाठता येईल का, हे वॉर्डात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

आई आत गेली. ताईने फळीकडे पाहिलं आणि पैलवानाला हाक मारली.

"वजनं कुठं आहेत रे?"

तो अंगठ्याने फरशी घासत राहिला. "चिमणीच्या पोटाला. फ्रॉकच्या आतून. बँडेजने बांधलीत."

"कुणी बांधली?"

"सगळ्यांनी. मी फक्त हिशेब केला."

"कसला?"

"नर्सबाई चहाला गेल्या तेव्हा तिला काट्यावर चढवलं. सहाशे कमी पडत होते."

"मग सातशे का बांधलेत?"

"बरोब्बर सोळा आलं असतं तर डॉक्टरांना संशय आला असता. बँडेज वीस ग्रॅमचं आहे. तेवढ्याने मोठा काटा हलत नाही."

ताईच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. हिशेबात एकही चूक नव्हती. ती बाकावर बसली, त्याचे डोळे आपल्यासमोर येतील अशी.

"सोळा कशाला लागतात, माहितीय?"

"त्याशिवाय ते ऑपरेशन करत नाहीत."

"का करत नाहीत?"

पैलवानाने खांदे उडवले.

"अंगात ताकद नसली तर भूल सोसत नाही. झोपवलेलं मूल कधीकधी उठत नाही."

त्याने फळीवरचं पन्नासचं वजन उचललं, मुठीत धरलं, परत ठेवलं.

"हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

आत चिमणीची आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, हो, सोमवारी, अगं हो, या डोळ्यांनी आकडा पाहिला.

ताईने नर्सबाईंना बोलावलं. चिमणी दाराशी ठेवलेल्या मोठ्या काट्याजवळ आली आणि कुणाकडेही न बघता फ्रॉकआड गाठ सोडू लागली. गाठ सुटेना, तेव्हा पैलवानाने सोडवली. दोन्ही वजनं त्याने फळीवर नेऊन ठेवली, किलोच्या आणि शंभरच्या मध्ये, आपापल्या जागी. आईच्या हातातला फोन खाली आला होता. पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं.

चिमणी काट्यावर चढली. काटा थरथरत होता तोवर कुणी हललं नाही. नर्सबाई चष्म्यासाठी खिसा चाचपत राहिल्या. शेवटी पैलवानाने वाकून आकडा वाचला.

"पंधरा किलो चारशे."