शिंपिणीचं वाक्य

बोलपट नुकतेच निघाले होते, तेव्हाची गोष्ट. एका स्टुडिओत कपडे शिवणारी एक तरणी शिंपीण होती. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. मूकपट होते तोवर तिच्या बडबडीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या दिवशी ती गुडघ्यावर बसून नायिकेच्या झग्याची दुमड टाचत होती. चित्रपट श्रीमंताचा मुलगा आणि मोलकरीण यांच्या प्रेमाचा. नायिका वाक्य घोकत होती, "प्राणनाथ, मी पामर, आपल्या चरणांची धूळ..."

"धुळीशी कोण लग्न करतं, बाई?" शिंपीण पुटपुटली. "सरळ म्हणावं, यायचं तर ये, पण आईला सांगून ये. चोरासारखा येऊ नकोस."

शेजारच्या फुलदाणीत माइक लपवलेला होता आणि तो चालू होता. काचेच्या बंद खोलीत बसलेला ध्वनिमुद्रक हसत हसत बाहेर धावला. "कोण बोललं ते?"

शिंपिणीने भीत भीत हात वर केला. नोकरी गेली म्हणायची! पण दिग्दर्शकाने तिच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं, डोकं खाजवलं आणि नायिकेच्या तोंडी तेच घातलं.

ध्वनिमुद्रक एका न्यायाधीशांचा एकुलता मुलगा. त्यानंतर त्याच्या कोटाची बटणं फारच तुटू लागली. पाचव्या खेपेला ती म्हणाली, "साहेब, हा दोरा कात्रीने कापलाय. बटणांचे हाल कशाला करता? बसायचं असेल तर ते स्टूल आहे."

तो कानापर्यंत लाल झाला, पण बसला. मग रोजच बसू लागला. त्याला यायला उशीर झाला की तिची शिवण तिरकी जायची.

त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं हो आहे. पण आधी घरी बोला."

घरी न्यायाधीशसाहेब कडाडले, "शिंप्याची मुलगी? आपल्या घरात?" आणि भरल्या ताटावरून उठले.

त्याच्या आईने वाद घातला नाही. चित्रपट लागल्यावर ती नवऱ्याला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. नायिका पडद्यावर ते वाक्य बोलली आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या न्यायाधीशसाहेबांच्या! "वा! याला म्हणतात बाणेदार मुलगी!"

"ते वाक्य शिंपिणीचं आहे," आई शांतपणे म्हणाली. "परवा तुम्ही जिला नाकारलंत, तिचं."

साहेबांनी घरी पोचेपर्यंत ते वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दोघं शिंपिणीच्या वडिलांच्या दुकानात हजर झाली. बिचारा म्हातारा गांगरला. सवयीने त्याने गळ्यातली टेप हातात घेतली.

"घ्या माप," न्यायाधीशसाहेब घसा खाकरून म्हणाले. "मुलाच्या लग्नाला कोट लागेलच."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. "श्वास सोडा, साहेब. पोट आत ओढून माप दिलंत, तर लग्नात जेवायची पंचाईत होईल."

"साहेब काय म्हणता? व्याही म्हणा!" असं म्हणत त्यांनी श्वास सोडला. पोट टेपेवर ऐसपैस टेकलं आणि मुलाची आई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

वडील आकडे सांगत होते, शिंपीण वहीत लिहीत होती, आणि हसू आवरत नसल्यामुळे तिचे सगळे आकडे वाकडेतिकडे उमटत होते.