कोंडीरामकाकांची हळद

मुरुम गावाकडच्या विहीर खोदणाऱ्यांना पाणी बघून पळायचं कुणी शिकवलेलं नसतं. पहिली धार फुटली की तिच्याखाली डोकं धरायचं आणि वडीलधाऱ्यानं तिला हळद वाहायची, ही त्यांची रीत.

अशीच एक टोळी घेऊन बब्रुवान रेल्वेच्या बोगद्यावर कामाला आला. बोगदा शहरातल्या तळ्याच्या काठाखालून जायचा होता. वर घराला घर चिकटलेली वस्ती, शेजारी भरलेलं तळं. साहेबांनी बजावलं होतं, "पाणी दिसलं की हत्यार टाकून बाहेर पळायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

टोळीतले सगळ्यांत वडीलधारे कोंडीरामकाका तेवढे हसले. "जल्मभर ज्याच्या मागं धावलो, त्याला पाठ दावायची व्हय?"

बब्रुवानच्या हाती पहिली पहार काकांनीच दिली होती. हळदीची पुडी कायम त्यांच्या कमरेला असायची.

त्या दुपारी समोरच्या खडकाला भोक पाडलं आणि मनगटाएवढी धार सुटली. "गंगा आली," कुणीतरी ओरडलं. सगळी टोळी तिच्याकडंच धावली. बब्रुवानचा धाकटा भाऊ नंदीश धारेखाली तोंड धरून हसू लागला.

"नंद्या, माघारी फिर."

"दादा, लई गार हाय. तू पण ये की."

भोकाच्या कडेचा दगड निखळून खाली आदळला. धार मांडीएवढी झाली. बब्रुवाननं फावडं उचललं आणि दांडा भावाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. मग जो समोर येईल त्याला त्यानं झोडपलं. पाठीत, नडगीवर, तोंडावर. एकाचे दात पडले. दुसऱ्यानं उलटून त्याचं नरडं धरलं, कपाळावर दगड हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी बब्रुवान थांबला नाही. शिव्या घालत, गुरं हाकावीत तशी त्यानं माणसं बाहेरच्या वाटेला लावली.

मागं राहिले काका. ते धारेपाशी उभं राहून पुडी सोडत होते. बब्रुवाननं दांडा उगारला. हात वरच राहिला. मग त्यानं फावडं टाकलं आणि हात जोडले.

"काका, पाया पडतो. चला."

"एवढी हळद वाहू दे. आलोच."

खडक फुटला. चिखल, दगड, पाणी एकदमच अंगावर आलं. लोंढ्यानं बब्रुवानला उचलून मागं फेकलं, म्हणून तो वाचला. काका सापडले ते दगडांखाली. त्यांच्या मुठीत ओल्या कागदाचा गोळा होता.

मुरुमला काकांच्या दारात टोळी खाली माना घालून बसली. त्यांची बायको हरणाबाई रडत नव्हती. नंदीशचा गळ्यात बांधलेला हात, बाकीच्यांचे फुटलेले ओठ ती एकेक करून बघत होती.

"ह्यांना समद्यांना तू मारलंस?"

"व्हय, काकू."

"मंग त्यांना का न्हाय मारलंस रं?"

काकांवर हात कसा उचलायचा, हे बब्रुवानच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याची नजर नंदीशच्या बांधलेल्या हाताकडं गेली.