किती वेळा दान कराल मला?

मित्रांनो, माझ्या पाठीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांनी लिहिले आहे, 'संत जोसेफ बंधुमंडळ, बोईसर यांजकडून सप्रेम भेट'. मी त्या मंडळाची जुनी व्हीलचेअर. भेट म्हणून मला इतक्यांदा दिले गेले, की मोजणेच सोडले. आणि प्रत्येक वेळी मी परत कोठीतच आले.

मंडळातली माणसे वाईट नाहीत. तारापूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, निवृत्त शिक्षक, वाड्यांचे बागायतदार, असे चर्चमधले हे पुरुष एकत्र येऊन रक्तदान शिबिरे भरवतात, पाड्यांवर ब्लँकेटे पोचवतात, कोणाकडे मयत झाले तर खांदा द्यायला जातात. मला त्यांनीच आणले. पहिली काही वर्षे मी खूप हिंडले. मुरबे गावच्या एका खलाशाची कंबर मोडली होती. तो बरा होईपर्यंत मी त्याच्या घरी राहिले. मग बस्त्याव सर मंडळाचे अध्यक्ष झाले.

सर सज्जन, पण समारंभाचे भारी वेडे. वस्तू जपली पाहिजे म्हणून त्यांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोठीला कुलूप घातले. सणाला मला बाहेर काढायचे, हार घालायचा, एखाद्या आजारी माणसाला बसवायचे, निळे पट्टे घातलेल्या बंधूंनी मागे उभे राहून फोटो काढायचा. मग त्या माणसाला सांगायचे, 'खुर्ची नंतर पाठवतो.' ते 'नंतर' कधी आलेच नाही. माझा जीव नुसता कावून जायचा.

बोईसरजवळच्या नवापूरच्या रंभाबाई तिथल्याच नाक्यावर मासळी विकत. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांची सून सलोनी दिवाळीनंतर मला मागायला आली. सासूबाईंच्या जागेवर आता दुसरीच बाई टोपली मांडून बसते, त्या घरात पडून राहिल्या तर जागा कायमची जाईल, असे तिने सांगितले. सर कळवळले. तिला चहा पाजला आणि मार्चमधल्या संत जोसेफच्या सणाला यायला सांगितले. नाताळ झाला, सलोनी पुन्हा आली. पुन्हा चहा. दाराआडून मी सारे ऐकत होते. दार मोडता आले असते तर मोडले असते!

अखेर सण आला. रंभाबाईंना रिक्षातून आणून माझ्यावर बसवले. हार मला घातला, त्यांना नाही. फोटो झाले, टाळ्या झाल्या. मग सर सलोनीला हळूच म्हणाले, की संध्याकाळच्या कार्यक्रमालाही हीच खुर्ची लागेल, नंतर पाठवतो. दोन बंधू रंभाबाईंना उचलायला पुढे झाले.

रंभाबाईंनी माझी दोन्ही चाके घट्ट धरली.

"फोटू काडलात ना, सर? आता मी नाय उठायची."

सर समजावू लागले. रंभाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय गेला तवा मी रडली नाय. पन जागा गेली तर घरात बसून भिंती बगू काय? तुमाला खुर्ची हार घालाया पायजे, माना बसाया पायजे."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खांद्यावरचा पट्टा काढून खिशात कोंबला आणि मला ढकलत रस्त्यापर्यंत नेले. रंभाबाई रिक्षात बसल्यावर सरांनी मला मिटून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि तसेच नवापूरला आले. नाक्यावर आम्हांला पाहताच त्या दुसऱ्या बाईने मुकाट्याने टोपली बाजूला सरकवली.

आता मी रोज नाक्यावर असते. पण माझा वैताग संपलेला नाही! माझ्या दांड्यांना पिशव्या लटकतात, बोंबलांचे पाणी अंगावर गळते, चाकांत रेती जाते, खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. कोठीत मला कोणी वापरत नव्हते, आता कोणी पुसत नाही. माणसांना मधले काही जमतच नाही का?

मित्रांनो, वस्तू जपणे म्हणजे ती कोंडून ठेवणे नव्हे, आणि वापरणे म्हणजे तिची दैना करणेही नव्हे. संध्याकाळी मला गोड्या पाण्याने धुवा, कोरडे पुसा, चाकांच्या आसांत थोडे तेल सोडा. एवढे कोणीतरी आजच करा. माझे उजवे चाक अडू लागले आहे, आणि सकाळी रंभाबाईंना नाका गाठायचा आहे.