लिलावात गेलेली वही

जास्मिनची वही भोपळ्याबरोबर लिलावात गेली, आणि तीही तिच्या सख्ख्या आईच्या हातानं.

चर्चमध्ये कापणीचा सण होता. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, ही पद्धत. मरियाबाईंच्या परसात यंदा एकच भोपळा धरला होता. एवढंसं न्यायचं त्यांच्या जिवावर आलं. तेवढ्यात लेकीची वही दिसली. शाळेची नोकरी सांभाळून तीन वर्षं लिहिलेली, टेम्पो चालवणाऱ्या तिच्या वडिलांची हकीकत. घरातलं खरं पहिलं पीक हेच की! मरियाबाईंनी टोपलीत वही ठेवली आणि वर भोपळा.

लिलाव झाला तेव्हा जास्मिन चर्चमागं मुलांचा वर्ग घेत होती. तिला हे कळलं दुपारी चारला, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पुण्याच्या प्रकाशकांचा फोन येऊन गेला होता. "पहिलं प्रकरण आवडलं. पण चर्चबाहेरचा माणूस हे वाचेल का? मंगळवारपर्यंत सगळं पाठवा, मग ठरवू." आणि ही शहाणी पानांचे फोटो काढायचं रोज उद्यावर ढकलत बसलेली!

"आई, अगं विचारायचंस तरी!"

"देवाला द्यायचं, त्यात काय विचारायचं?" मरियाबाई म्हणाल्या. "कानिफनाथानं घेतली टोपली. जा, त्याच्याकडं बघ."

कानिफनाथ घोडेगावच्या बाजारात गाई-म्हशींचे सौदे जमवायचा. चर्चचा नव्हे, पण या लिलावाला दरसाल हजर. जास्मिननं स्कूटी पिटाळली. पडवीत कानिफनाथ चष्मा लावून बसला होता, वही मांडीवर. कोपऱ्यातल्या चुलीपुढं त्याची बायको केशरबाई पीठ मळत होती.

"या बाई! तुमच्या वडलांचं, थॉमसभाऊंचं लई झ्याक लिव्हलंय तुमी. दुपारपासनं हिला वाचून दावतोय."

जास्मिनचा जीव भांड्यात पडला. मग तिला दुमडलेले कोपरे दिसले आणि ती तडकली. "मामा, पानांची ही काय दशा केलीत?"

"जितं ही उठून गेली, तितं दुमडलं. जनावर कुठं थबकतं ते बघायची सवय हाय आमाला."

तिनं पहिला कोपरा उलगडला. दुसरा. तिसरा. सगळीकडं तेच! वडिलांची गोष्ट थांबून तिचा उपदेश सुरू झाला, की केशरबाई उठलेली. रविवारी चर्चमध्ये देवाच्या अनुभवाची साक्ष देताना शेवटी बोधाचं बोलायचंच, ती सवय वहीतही उतरली होती.

"पण ते काढलं तर वाचणाऱ्याला देव दिसणार कसा?"

उत्तर चुलीपासून आलं. "तुमच्या वडलांनी पावसात परक्या म्हातारीचे कांदे झाकले आन् सोताचे भिजू दिले. तवाच दिसला की. परत कशाला सांगता?"

जास्मिननं पर्समधून पेन काढलं आणि तिथंच उपदेशावर रेघा मारायला बसली. दीड पान गेलं, दोन पानं गेली. तीन वर्षांत असा हुरूप तिला आला नव्हता. अख्खं पुस्तक समोर लख्ख दिसत होतं, आणि तिला हसू आवरेना.

"ओ बाई, वही माजी हाय," कानिफनाथ म्हणाला. "शेवट ऱ्हायलाय. तो ऐकवा, मग न्या."

शेवटचं प्रकरण तिनं कधीच मोठ्यानं वाचलं नव्हतं. केशरबाईनं तव्यावर भाकरी टाकली आणि जास्मिननं सुरुवात केली. दवाखान्यात वडील टेम्पोची चावी मागतात. कुणी देत नाही. शेवटी लेक हळूच त्यांच्या मुठीत चावी ठेवते, आणि ते म्हणतात, "कांदा झाकलाय का बघ गं." पुढं दीड पान उपदेश होता. तिनं वही मिटली.

वर बघायचं तिला धाडस होईना. मग पडवीभर जळका वास पसरला.

"अगं, भाकर!" कानिफनाथ ओरडला.

तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता. केशरबाई जागची हलली नव्हती.